राखणीपासून शिबिरापर्यंत : सिंधुदुर्गातील मुलांच्या रानशिक्षणाचा इतिहास

सिंधुदुर्ग जिल्ह्यात मे महिन्यात भरणारी मुलांची निसर्ग शिबिरे ही अलीकडची आणि शहरातून आलेली रीत मानली जाते, आणि तिच्या बाह्य रूपापुरते ते खरेही आहे. परंतु पाणी, झाड, वाट, विस्तव आणि प्राणी यांच्याशी कसे वागावे हे मुलांना घराबाहेर शिकवणे ही गोष्ट या प्रदेशाला मुळीच नवी नाही. जे ज्ञान पूर्वी कामाच्या ओघात मिळत असे, त्यासाठी आता नाव नोंदवावे लागते, दिवस ठरवावे लागतात आणि शिकवणारा माणूस शोधावा लागतो, एवढाच काय तो फरक आहे. म्हणून शिबिरांचा इतिहास त्या आधीच्या, नाव नसलेल्या शिक्षणापासून सुरू करणे भाग आहे. त्याची वीण कुठे उसवली हे कळल्याखेरीज शिबिरांची गरज का भासली याचा उलगडा होत नाही.

दक्षिण कोकणातील शेतकरी घरातले मूल जाणते होऊ लागले की राखणीला जाई, म्हणजे घरची आणि शेजारची गुरे घेऊन दिवसभर सड्यावर किंवा डोंगरात राही. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे सपाट पठार, जे उन्हाळ्यात उजाड दिसते आणि पावसाळ्यात डबकी, गवत व रानफुले यांनी भरून जाते. कोणत्या महिन्यात पाणी कुठे उरते, कोणता व्हाळ, म्हणजे ओढा, कधी आटतो, गुरांना कोणता पाला बाधतो, हे राखणीच्या मुलाला ठाऊक असावेच लागे. आणि जांभ्याचा दगड हाताने उचलण्याआधी काठीने हलवून पाहायचा, कारण त्याखाली फुरसे हा आकाराने लहान पण अत्यंत विषारी साप दडलेला असू शकतो, हा धडा त्याला पहिल्या पुस्तकाआधी मिळत असे. करवंदे, जांभळे, तोरणे आणि रातांबे कोणत्या क्रमाने पिकतात, आकडीला, म्हणजे कमरेला बांधायच्या अडकवणीला, कोयता लावून झाडावर कसे चढावे, भाताचा तरवा, म्हणजे रोपे, टाकण्याआधी पालापाचोळा पसरून जमीन भाजताना विस्तव वाऱ्याच्या कोणत्या बाजूने लावावा, हे सारे मोठ्यांच्या मागे उभे राहून शिकायचे असे. मृगाच्या पहिल्या जोरदार पावसात अंडी घालण्यासाठी ओढ्यांतून शेतांकडे प्रवाहाविरुद्ध चढणारे मासे, ज्यांना चढणीचे मासे म्हणतात, ते पकडायला रात्री बत्ती घेऊन जाणे हा तर मुलांचा हक्काचा उत्सवच होता.

मालवण, वेंगुर्ले आणि देवगडच्या किनाऱ्यावर हेच शिक्षण वेगळ्या रूपात चाले. रापण ही तेथील जुनी मासेमारीची पद्धत आहे. होडीतून समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडलेल्या लांबलचक जाळ्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून माणसांचे दोन जथे ओढतात आणि मिळालेली मासळी वाट्यांनी वाटून घेतात. गाबीत समाजातील मुले या ओढीत हात लावता लावताच भरती-सुकतीची वेळ, पाण्याचा रंग आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा ओळखायला शिकत. खाडीच्या चिखलात पाय न अडकू देता तिसऱ्या आणि कालवे कशी काढावीत, ही विद्या मात्र प्रामुख्याने बायकांची आणि मुलींची होती, आणि तिच्याकडे इतिहास लिहिणाऱ्यांचे फारसे लक्ष गेलेले नाही.

या शिक्षणाचे वर्णन करताना त्याची किंमतही सांगितली पाहिजे. राखणीला जाणारे मूल बहुधा शाळेला मुकत असे. कोणत्या मुलाच्या वाट्याला डोंगर यावा, कोणाच्या वाट्याला समुद्र आणि कोणाच्या वाट्याला ओसरीवरची पाटी, हे जातीने आणि घरच्या जमिनीने ठरवलेले असे. या अडचणीला महाराष्ट्रात एक विलक्षण कल्पक उत्तर मिळाले ते सिंधुदुर्गापासून बरेच उत्तरेला, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात. १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू करणाऱ्या ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम करताना, गुरे चारायला गेलेली मुले शाळेत येऊ शकत नाहीत तर शाळाच कुरणात न्यावी, असे ठरवले आणि तिला कुरणशाळा असे नाव दिले. मुलाचे रानातले ज्ञान हा शिक्षणातला अडथळा न मानता त्याचा आरंभबिंदू मानणारा हा प्रयोग, बाहेरून आलेल्या कोणत्याही शिबिरपद्धतीइतकाच या इतिहासात महत्त्वाचा आहे. किंबहुना तो अधिक मोलाचा मानला पाहिजे.

शिबिराची आधुनिक पद्धत मात्र इंग्लंडमधून आली. रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर वीस-बावीस मुलांना तंबूत ठेवून माग काढणे, गाठी मारणे, उघड्यावर स्वयंपाक करणे आणि दिशा ओळखणे शिकवले, आणि त्यातून स्काउट चळवळ, जिला मराठीत बालवीर चळवळ म्हणतात, उभी राहिली. भारतात ती १९०९ साली बंगळुरात पोहोचली, पण आरंभी ती युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतीच होती. भारतीय मुलांसाठी अ‍ॅनी बेझंट यांनी १९१६ साली मद्रासमध्ये स्वतंत्र संघटना काढली, तर अलाहाबादेत मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांच्या पुढाकाराने सेवा समितीची बालवीर संघटना निघाली. यांपैकी कुंझरू हे रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्यात १९०५ साली स्थापलेल्या भारत सेवक समाजाचे सदस्य होते. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी मुलांच्या संघटना भारत स्काउट्स आणि गाइड्स या नावाखाली एकत्र आल्या आणि पुढच्या वर्षी मुलींची संघटनाही त्यांत सामील झाली. कोकणातल्या मुलांना बालवीर पथकाने दिलेली खरी नवी गोष्ट शिस्त, गणवेश आणि कौशल्याची रीतसर परीक्षा ही होती. दोर कसा बांधावा हे गाबिताच्या मुलाला आधीच येत होते, पण त्या गाठीला नाव असते आणि ती दुसऱ्याला शिकवता येते, ही जाणीव पथकातून आली.

बालवीर चळवळीच्या बरोबरीने राजकीय चळवळीतून दुसरी एक शिबिरपरंपरा वाढत होती. डॉ. ना. सु. हर्डीकर यांनी १९२३ साली हिंदुस्थानी सेवा दलाची उभारणी केली आणि शेजारच्या बेळगावात १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या काँग्रेस अधिवेशनात या स्वयंसेवकांची शिस्त अनेकांच्या नजरेत भरली. ४ जून १९४१ रोजी पुण्यात राष्ट्र सेवा दलाची नव्याने घडण झाली, एस. एम. जोशी त्याचे प्रमुख झाले आणि दापोली तालुक्यातील पालगडचे साने गुरुजी त्याच्या मुलांचे दैवत झाले. सेवा दलाचे शिबिर उन्हाळ्याच्या सुट्टीत भरे. त्यात पहाटेची कवायत, श्रमदान, बौद्धिक, समूहगीत आणि रात्रीची शेकोटी असे, आणि सर्व जातींची मुले-मुली एकाच पंक्तीला जेवत, ही त्या काळातील फार मोठी गोष्ट होती. वेंगुर्ले येथे १९२२ साली जन्मलेले बॅरिस्टर नाथ पै हे याच संस्कारांत वाढले, १९५७ पासून १९७१ साली मृत्यू येईपर्यंत राजापूर मतदारसंघाचे खासदार राहिले, आणि त्यांच्या स्मृत्यर्थ मालवणात उभे असलेले सेवांगण त्या परंपरेची आजही चालती खूण आहे.

या परंपरेत कणकवलीचे स्थान वेगळे आहे. कोकणचे गांधी म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) यांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करण्याची परवानगी मिळावी म्हणून उपोषण केले होते आणि गांधीजींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी अन्नत्याग केला होता. त्याच अप्पासाहेबांनी १९४८ साली कणकवलीजवळ वागदे येथे गोपुरी आश्रम स्थापून सोप्या संडासांचे आणि मृत जनावरांच्या चामड्याच्या उपयोगाचे प्रयोग केले. उघड्यावर वस्ती करणाऱ्याला लागणाऱ्या कौशल्यांची यादी पाहिली तर चर खणून मैला मातीने झाकणे आणि त्यातून खत मिळवणे हे त्यातले सर्वांत आवश्यक व सर्वांत उपेक्षित कौशल्य आहे, आणि ते जातीच्या विटाळातून सोडवून प्रतिष्ठेचे काम करण्याचा मान या गावाकडे जातो. विदर्भात बाबा आमटे यांनी सोमनाथ येथे सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी, जी दर मे महिन्यात भरते आणि जिच्यात तरुण मुले हाताने शेतीची व बांधाची कामे करतात, ती याच विचाराची पुढची शाखा मानता येईल.

तरीही एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे. बालवीर पथक असो वा सेवा दल, या शिबिरांत निसर्ग ही जागा होती, विषय नव्हता. शिबिरे नदीकाठी किंवा आमराईत भरत, पण त्या नदीत कोणते मासे आहेत आणि त्या आमराईत कोणते पक्षी घरटी करतात, याची चौकशी अभ्यासक्रमात नसे, कारण ती मुलाला माहीतच असते असे गृहीत धरलेले होते. हे गृहीतक पुढे हळूहळू खोटे ठरत गेले. मुंबईच्या गिरण्यांकडे आणि नोकऱ्यांकडे कोकणातून माणसांचा ओघ पिढ्यान्‌पिढ्या चालू होता. मुंबईत वाढलेली चाकरमान्यांची मुले मे महिन्यात गावी येत तेव्हा ती पाहुणी असत, आणि गावातच राहिलेली मुलेही शाळेच्या वेळापत्रकामुळे राखणीपासून सुटत गेली, जे त्यांच्या हिताचेच होते. जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली सुमारे ८ लाख ६९ हजार होती, ती २०११ साली सुमारे ८ लाख ५० हजारांवर आली. ज्ञान पुढे नेणारी माणसेच गावात कमी होत होती, हे या घटीतून दिसते.

निसर्ग हा स्वतंत्र विषय म्हणून शिबिरात आला तो मुख्यतः मुंबईतून. तेथे १८८३ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काम करत होती आणि सालीम अली यांच्या १९४१ च्या पक्षिपुस्तकाने पक्षी पाहण्याचा छंद घरोघरी नेला होता. वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडची भारतीय शाखा १९६९ साली निघाली आणि त्यानंतरच्या दशकात शाळांतून निसर्ग मंडळे सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण हा शिक्षणाचा अनिवार्य भाग करण्याचा आदेश दिला आणि २००१ पासून राष्ट्रीय हरित सेनेच्या नावाने शाळाशाळांत गट निघाले. किनाऱ्यावर मात्र निसर्गरक्षणाची पहिली मोठी ओळख कटू ठरली, कारण १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले तेव्हा मच्छीमारांना त्यात स्वतःच्या पोटावरचे बंधन दिसले आणि त्यांनी विरोध केला. ज्यांच्याकडे समुद्राचे सर्वाधिक ज्ञान होते त्यांनाच समुद्राच्या रक्षणातून वगळल्यासारखे वाटणे हे दुर्दैव होते, आणि त्याचा परिणाम पुढची अनेक वर्षे जाणवत राहिला.

हा दुरावा किनाऱ्यापुरताच नव्हता. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला आणि ओरोस येथे सिंधुदुर्गनगरी हे मुख्यालय वसवण्यात आले. कार्यालये, वसाहती आणि पुढे कोकण रेल्वेचे स्थानक यांभोवती वाढलेल्या या गावात आसपासच्या खेड्यांतील मुले सरकारी नोकरदारांची मुले म्हणून राहायला आली, आणि सडा दारात असूनही त्याच्याशी काम म्हणून संबंध नसलेली पहिली मोठी पिढी बहुधा अशाच वसाहतींत वाढली.

या दुराव्यात बदल घडला तो किनाऱ्यावर, कासवांमुळे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या १९९२ साली स्थापन झालेल्या संस्थेने २००२ पासून रत्नागिरीतील वेळास येथे ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांची घरटी राखायला घेतली आणि २००६ पासून तेथे कासव महोत्सव भरू लागला. हाच प्रघात पुढे वेंगुर्ल्याजवळील वायंगणीपर्यंत पोहोचला. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात, ती साधारण ४५ ते ६० दिवसांत उबतात, आणि पिल्ले पाण्याकडे जाताना पाहण्यासाठी जमलेल्या मुलांना घरटे शोधण्याची खूण सांगणारा माणूस हा त्याच गावचा, पहाटे वाळूवरची पावले वाचणारा रहिवासी असतो. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी या स्थानिक महिलांच्या गटाने २०१७ च्या सुमारास कांदळवनाची होडीतून सफर सुरू केली, तेव्हा तिसऱ्या काढणाऱ्या बायकांची ती दुर्लक्षिलेली विद्या प्रथमच व्याख्यात्याच्या जागी बसली. मालवण तालुक्यातील धामापूरचा १५३० साली बांधलेला तलाव, जो २०२० साली जागतिक सिंचन वारसा म्हणून निवडला गेला, आणि आंबोलीची हिरण्यकेशी, जिच्या उगमापाशी २०२० साली एका नव्या माशाची नोंद होऊन २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरली, ही ठिकाणेही आता शिकवण्याची स्थळे झाली आहेत.

या साऱ्या वाटचालीत एक अडचण मात्र अजून सुटलेली नाही, आणि ती पंचांगाची आहे. कासवांची पिल्ले मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये बाहेर येतात, म्हणजे परीक्षेच्या दिवसांत. आंबोलीच्या सड्यावरील डबक्यांत प्रजनन करणारा, २००९ साली शास्त्रीय वर्णन झालेला आंबोली टोड पावसाच्या अगदी पहिल्या सरींत थोडेच दिवस दिसतो. चढणीचे मासे मृगात येतात, आणि तोपर्यंत शाळेच्या घंटा वाजू लागलेल्या असतात. शहरी सुट्टीवर बेतलेले मे महिन्याचे शिबिर या तिन्ही घटनांच्या मधोमध पडते, आणि मुलांना मिळतात ती करवंदे, जांभळे, आटत चाललेले व्हाळ आणि अवखळ होऊ लागलेला समुद्र. राखणीला जाणारा मुलगा वर्षाचे बाराही महिने रानात असल्यामुळे त्याला ही निवड करावी लागत नसे. आजच्या आयोजकांना ती करावी लागते, आणि म्हणून कासवांच्या किनाऱ्यावर मुलांना नेण्याचे कार्यक्रम बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये, एक-दोन दिवसांचे असतात, तर चढणीच्या माशांसाठी शिबिर भरवणे अजून अवघडच आहे.