घोड्यावरचा सुलेमान आणि पडद्यावरचा सुलेमान

विजापूरच्या शर्झा बुरुजावरची मलिक-ए-मैदान तोफ आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. ही तोफ १५४९ साली निजामशाहीच्या अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात ओतली गेली. ओतणाऱ्या कारागिराचे नाव महंमद बिन हसन रूमी. रूमी म्हणजे तुर्कांच्या मुलखातला. त्या वर्षी त्याच्या मुलखाच्या तख्तावर सुलतान सुलेमान होता. युरोप त्याला ‘वैभवशाली’ म्हणे आणि त्याची रयत ‘कानूनी’, म्हणजे कायदे देणारा. दख्खनच्या मातीचा आणि सुलेमानच्या काळाचा असा हा जुना संबंध आहे.

आमच्या लहानपणी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून जी नावे कानावर पडत, त्यांत सलाहुद्दीन, टिपू यांच्यासोबत सुलेमानचेही नाव असे. १५२१ साली बेलग्रेड, १५२२ साली ऱ्होड्स, १५२६ साली मोहाक्स, १५३४ साली बगदाद. शेहेचाळीस वर्षांची कारकीर्द आणि तेरा स्वाऱ्यांचे जातीने नेतृत्व. सत्तरी ओलांडल्यावरही तो हंगेरीत सिगेतवारच्या वेढ्यावर गेला आणि तिथेच सप्टेंबर १५६६ मध्ये तंबूत वारला. सिनानने बांधलेली सुलेमानिया मशीद आजही इस्तंबूलच्या टेकडीवर उभी आहे. असा पुरुष मनात घोड्यावरच बसलेला असतो.

जानेवारी २०११ मध्ये तुर्की दूरचित्रवाणीवर मेराल ओकाय या लेखिकेची ‘मुह्तेशेम युझ्यल’, म्हणजे ‘वैभवशाली शतक’, ही मालिका सुरू झाली, तेव्हा प्रेक्षकांना दिसला तो निराळाच सुलेमान. हा सुलतान घोड्यावर कमी आणि जनानखान्यात जास्त. हातात पेला, भोवती दासी, आणि राण्यांच्या भांडणात गुरफटलेले मन. पहिल्याच महिन्यात हजारो तक्रारी गेल्या, नियामक मंडळाने वाहिनीला ताकीद दिली. नोव्हेंबर २०१२ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान एर्दोगान यांनी जाहीर सभेत सांगितले, की असा सुलेमान आम्हांला ठाऊक नाही, त्याची तीस वर्षे घोड्याच्या पाठीवर गेली. तुर्की विमान कंपनीने ही मालिका विमानातून काढून टाकली. तरीही ती जून २०१४ पर्यंत चालली. पाकिस्तानात ‘मेरा सुलतान’ नावाने उर्दूत आली, आणि इंटरनेटवरून आपल्याकडच्या घरांतही शिरली.

आम्हांलाही पहिल्यांदा रागच आला. ज्याला आपण थोर मानतो त्याला कोणी कपटी, संशयी, बायकांच्या मुठीतला दाखवले की छातीत कळ येते. पण राग ओसरल्यावर आम्ही पुस्तके काढून बसलो, आणि मालिकेतले कोणते खोटे, कोणते खरे याची वजाबाकी करू लागलो.

खोटे पुष्कळ निघाले. मालिकेत हुर्रेम ही रुथेनियाहून, म्हणजे आजच्या युक्रेनच्या मुलखातून आलेली दासी पहिल्या दिवसापासून तोपकापी राजवाड्यात वावरते. प्रत्यक्षात सुलेमानच्या आरंभीच्या वर्षांत जनानखाना शहरातल्या जुन्या राजवाड्यात होता. सुलतानाने हुर्रेमशी रीतसर निकाह केला तो १५३४ च्या सुमारास, आणि ती तोपकापीत राहायला गेली ती नंतर. जनानखान्यातले संवाद तर सगळेच कल्पनेचे, कारण त्या भिंतींच्या आत कोणताही बखरकार गेला नव्हता. व्हेनिसचे वकील आणि हॅब्सबर्गांचा वकील बुस्बेक यांनी जे लिहिले ते बाहेर कानावर आलेले. शहजादा मुस्तफा मारला गेला त्यानंतर बुस्बेक इस्तंबूलला पोचला, तरी हुर्रेमच्या कारस्थानाची हकिगत युरोपभर पसरली ती मुख्यतः त्याच्या पत्रांमुळे. मालिकेने ही वकिलांची कुजबुज उचलली आणि तिला रेशमी कपडे घातले. यावरचा आक्षेप रास्तच आहे.

पण वजाबाकीनंतर जे उरले, ते आमची झोप उडवणारे होते.

इब्राहिम पाशा हा सुलेमानचा जिवाभावाचा मित्र आणि वजीर-ए-आझम. मार्च १५३६ मध्ये, रमजानच्या महिन्यात, त्याने सुलतानासोबत इफ्तार केला. राजवाड्यातच झोपायला गेला, आणि सकाळी त्याचे प्रेत निघाले. लोक त्याला ‘मकबूल’, म्हणजे आवडता, म्हणत. आता ‘मकतूल’, मारला गेलेला, म्हणू लागले. उर्दू लिपी येणाऱ्यांना कळेल, या दोन शब्दांत फरक फक्त नुक्त्यांचा आहे.

पुढे ऑक्टोबर १५५३. कोन्याजवळ एरेली इथे छावणी पडली होती. बापाने बोलावले म्हणून थोरला शहजादा मुस्तफा भेटीला गेला. तो सुमारे अडतीस वर्षांचा होता आणि फौजेचा लाडका. बापाच्या तंबूत शिरताच त्याचा गळा आवळण्यात आला. त्याचा लहान मुलगाही पाठोपाठ मारला गेला. १५६१ साली दुसरा शहजादा बायजीद आणि त्याची मुले इराणात कजवीनला सुलतानाच्या माणसांच्या हातून मेली.

हे सगळे इतिहासात आहे. यात मालिकेने काही रचलेले नाही.

आपल्यातले काही म्हणतील, त्या काळची रीतच तशी होती. दुसऱ्या महंमदाच्या कानूनने तख्तासाठी भावाला मारणे मान्य केले होते. हे खरे. पण त्या काळच्या माणसांनी तरी ही रीत निमूट स्वीकारली का? फौज इतकी संतापली की सुलतानाला रुस्तम पाशाला वजिरातीवरून दूर करावे लागले. ताशलिजाली याह्या हा फौजेत वाढलेला कवी. त्याने मुस्तफाचा मरसिया लिहिला आणि तो तोंडोतोंडी पसरला. दोन वर्षांनी रुस्तम परत वजीर झाला तेव्हा याह्याला आपली पदे गमवावी लागली. म्हणजे सुलेमान जिवंत असताना, त्याच्याच राज्यात, त्याच्याच धर्माच्या माणसांनी त्याला या बाबतीत माफ केले नव्हते. साडेचारशे वर्षांनंतर त्याला माफ करण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला?

मालिकेत मुस्तफाच्या वधाचा भाग फेब्रुवारी २०१४ मध्ये दाखवला गेला. दुसऱ्या दिवसापासून बुर्सा शहरातल्या त्याच्या कबरीवर माणसांची रीघ लागली. ती कबर बांधणाराही हुर्रेमचाच मुलगा, दुसरा सलीम. ज्या मालिकेवर इतिहास बिघडवल्याचा आरोप होता, तिनेच विसरल्या गेलेल्या एका खुनासाठी लोकांना फातिहा पढायला नेले.

त्याच वर्षी, २०१४ च्या डिसेंबरात, सरकारी वाहिनीवर ‘दिरिलिश एर्तुग्रुल’ सुरू झाली. एप्रिल २०२० पासून पाकिस्तान दूरचित्रवाणीने ती उर्दूत दाखवली, आणि टाळेबंदीत आपल्याकडेही कितीतरी घरांत ती पाहिली गेली. हा एर्तुग्रुल नमाजी, शूर, न्यायी, त्याच्यात दोष औषधालाही नाही. पण त्याच्याविषयी इतिहासाला माहीत तरी काय आहे? मुलगा उस्मान याच्या नाण्यावर बापाचे नाव सापडते, बाकीच्या हकिगती शंभर-दीडशे वर्षांनी लिहिलेल्या. ज्याची कागदपत्रे नाहीत त्याला निष्कलंक करणे सोपे. सुलेमानची फर्माने, हिशेब, पत्रे, ‘मुहिब्बी’ नावाने लिहिलेल्या गझला, सगळे शिल्लक आहे. म्हणून तो पुरा माणूस दिसतो आणि म्हणूनच तो आपल्याला टोचतो.

या देशात आम्हांला हा प्रश्न अधिक नाजूक होतो. १९९० साली दूरदर्शनवर ‘द स्वोर्ड ऑफ टिपू सुलतान’ आली, तेव्हा ती काल्पनिक असल्याची पाटी लावावी लागली. मुसलमान राजा चांगला दाखवला तर ती कल्पना, आणि वाईट दाखवला तर तो इतिहास, असा न्याय आम्ही भोगला आहे. त्यामुळे आमच्या नायकावर कोणी बोट ठेवले की आम्ही आधी ढाल उचलतो. ही सवय समजण्यासारखी आहे, पण ती चांगली नाही. दुसऱ्यांनी आमच्या राजांना राक्षस केले म्हणून आम्ही त्यांना वली करावे, असे कुठे आहे? राजा हा राजा. त्याच्या गुन्ह्याचा जबाब त्याने द्यायचा आहे, आमच्या मुलाबाळांनी नाही. आणि त्याच्या पराक्रमाने आमच्या घरात उजेड पडणार नाही.

कुरआनने न्यायाची साक्ष द्यायला सांगितले ते स्वतःविरुद्ध, आईबापांविरुद्ध आणि नातलगांविरुद्धही. सुलतानांना त्यातून वगळलेले नाही.

म्हणून मुलांनी विचारले, सुलेमान चांगला होता की वाईट, तर आम्ही त्यांना सुलेमानियाच्या घुमटाचे चित्र दाखवतो आणि एरेलीच्या तंबूची हकिगतही सांगतो. मालिका पाहू नका असे म्हणत नाही. पाहा, आणि मग पुस्तक उघडा, एवढेच म्हणतो. परवा अशी हकिगत सांगून झाल्यावर घरातल्या धाकट्या नातीने एकच विचारले, “मुस्तफाच्या अम्मीचं पुढे काय झालं?” आम्ही तिला सांगितले, की माहिदेवरान बुर्सात मुलाच्या कबरीपाशी राहिली, पुष्कळ वर्षे तंगीत काढली, आणि १५८१ साली तिथेच त्याच्याजवळ दफन झाली. तिचे नाव आमच्या लहानपणी आम्हांला कोणी सांगितले नव्हते.