आग्वादचा दीपस्तंभ

अमरावती-अकोल्याच्या आमच्या वऱ्हाडांत समुद्र नाहीं. तथापि अमरावतीच्या महामंदिराचे आश्रयदाते संत फ्रान्सिस झेवियर जुन्या गोव्यांत मांडवीच्या तीरीं विसावले आहेत. त्यांच्या दर्शनास जाणाऱ्यांनीं त्या नदीच्या मुखावरील आग्वाद किल्लाही अवश्य पाहावा. किल्ला १६१२ सालचा, दीपस्तंभ १८६४ चा. १८३५ सालीं मठ बंद झाल्यावर ऑगस्तीन मठाची थोर घंटा १८४१ ते १८७१ येथें होती. पुढें ती पणजीच्या निष्कलंक मातेच्या मंदिरांत गेली. १९७६ सालीं जुन्या स्तंभाचा दिवा मालवला. किल्ल्याखालील ज्या तुरुंगांत गोमंतकाचे स्वातंत्र्यवीर कोंडले गेले, त्याचा जीर्णोद्धार होऊन २०२१ सालीं तेथें स्मारक झालें. भिंती एकदां दुरुस्त केल्या म्हणजे उभ्या राहतात. दिवा मात्र रोज लावावा लागतो. प्रिय बंधुभगिनींनो, १९५५ सालीं स्थापन झालेल्या आपल्या धर्मप्रांतांत श्रद्धेचा तो दिवा आपणच राखला पाहिजे.