चौकटीच्या कडेचं शहर

मुंबईत पडद्यावरची हलती चित्रं पहिल्यांदा दिसली ती ७ जुलै १८९६ रोजी, वॉटसन हॉटेलात. ल्यूमिएर बंधूंच्या त्या खेळांनी हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा हे छायाचित्रकार असे झपाटले, की त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली. डिसेंबर १९०१ मध्ये केंब्रिजच्या गणित परीक्षेत अव्वल आलेले रँग्लर र. पु. परांजपे तिथून परतले, तेव्हा चौपाटीवरचं त्यांचं स्वागतही सावेदादांनी चित्रित केलं. आपल्याकडच्या वार्तापटाचं कूळ इथवर मागे जातं. बातमी अर्थातच परांजप्यांची होती. पण आज ती फीत समोर आली, तर शहराचा अभ्यासक रँग्लरांच्या पाठीमागेच आधी पाहील: मरीन ड्राइव्हसाठी समुद्रात भराव पडण्याआधीचा किनारा, गर्दीतली पागोटी, खोळंबलेल्या घोडागाड्या. जुन्या रस्त्याच्या चित्रणाचं मोल असतं ते अशा नकळत टिपल्या गेलेल्या गोष्टींत. ज्याकडे कॅमेरावाल्याचं लक्षच नव्हतं, त्याबाबत त्याला खोटं बोलायचंही कारण नव्हतं.

या नकळत साक्षीची उलटतपासणीही करता येते. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ मध्ये आली आणि विजेची १९०७ मध्ये. तेव्हा चलचित्रात घोडे जुंपलेली ट्राम दिसली, तर ते चित्रण १८९६ नंतरच्या जेमतेम दशकभरातलंच असणार. विजेची ट्राम आणि दुमजली बस एकाच चौकटीत असतील, तर काळ १९३७ आणि १९६४ यांच्या मधला. कारण दुमजली बस १९३७ मध्ये सुरू झाली आणि शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली. दुकानांच्या पाट्या आणि भिंतीवरची सिनेमाची पोस्टरं हा काळ आणखी आवळून देतात. स्थिर छायाचित्रातूनही एवढं कळतं, हे खरं. पण चालत्या ट्रामचा दांडा माणसं कशी पकडायची, हातगाडीला वाट कोण द्यायचं, रस्ता ओलांडताना कोण थांबायचं आणि कोण नाही, हे हलत्या चित्राशिवाय कळत नाही. म्हणूनच मुंबईच्या रस्त्यांवर चित्रित झालेला ‘टॅक्सी ड्रायव्हर’ (१९५४) कथेसाठी नसला, तरी रहदारीसाठी पुन्हा पाहण्याजोगा आहे.

यावर आक्षेप असा, की कॅमेराही कुणाच्या तरी मालकीचा होता. तो बंदरावर, मिरवणुकीत, साहेबांच्या वस्तीत गेला; गिरणगावाच्या गल्ल्यांत क्वचितच. आक्षेप खरा आहे, पण त्याने पुरावा बाद होत नाही, त्याची हद्द ठरते. दुसरा आक्षेप तांत्रिक आहे. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यात सेकंदाला साधारण सोळा चौकटी टिपल्या जात. त्या चोविसाच्या वेगाने दाखवल्या की सगळं शहर धावत सुटल्यासारखं वाटतं. हा दोष वेग सुधारून दूर होतो. संगणकाने भरलेल्या रंगांचं तसं नाही. लुगडं हिरवं होतं की जांभळं, हे मूळ फितीत नसेल तर तो रंग अंदाजाचाच. मनोरंजनाला तो चालेल, पुराव्याला नाही.

रस्त्याचं चित्रण नुसतं साक्षीदारही राहत नाही. कधी ते वकील होतं. चार्ल्स कोरिया यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी १९७५ मध्ये केलेल्या ‘सिटी ऑन द वॉटर’ या माहितीपटात मुंबईची कोंडी दाखवून खाडीपलीकडच्या नव्या शहराची, नवी मुंबईची, बाजू मांडली होती. ते शहर वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी १९७० मध्येच स्थापन झाली होती. त्याच शहराचा एक तुकडा म्हणजे खांदेश्वर. इथे महादेवाचं देऊळ आणि तळं जुनं. मानसरोवर आणि पनवेल यांच्या मधलं रेल्वे स्टेशन, खांदा कॉलनी, कामोठ्याच्या इमारती नव्या. या बदलाचे कागद भरपूर आहेत: आराखडे, भूसंपादनाच्या नोटिसा, जमीन गेलेल्यांना परत द्यायच्या साडेबारा टक्के भूखंडांची प्रकरणं. वरून पाहायचं तर १९७२ पासूनची लँडसॅट उपग्रहाची चित्रंही आहेत. मग रस्त्यावरचं चित्रण हवं कशाला, असं कुणी विचारेल. उपग्रहाला भातखाचराच्या जागी इमारत उभी राहिलेली दिसते. बांधावरून जाणारी पायवाट फूटपाथ झाल्यावर कोण कुठून चालू लागलं, हे दिसत नाही.

ते सापडण्याची शक्यता आहे इथल्या मूळच्या आगरी घरांतल्या हळदीच्या आणि वरातीच्या व्हिडिओ कॅसेटींत. चित्रण करणाऱ्याचं लक्ष नवरदेवावर आणि बँडवर. पण वरात गावातून निघाली की मागे कौलारू घरं, शेताचा बांध, अर्धवट उभा राहिलेला सांगाडा असं सगळं आपोआप येतं. सावेदादांच्या चौपाटीला लागू पडणारा न्याय इथेही लागू पडतो. कुणी म्हणेल, हा घरगुती ऐवज आहे, याला इतिहास कसं म्हणायचं? पण त्यातली घरगुती बाजूच जपायला हवी: जिथे सरकारी कॅमेरा फिरकला नाही, तिथे हाच पोचला होता. चुंबकीय फीत मात्र ओलीत फार टिकत नाही, आणि पनवेलचा पावसाळा तिला मानवणारा नाही. तेव्हा महापालिकेने किंवा वाचनालयांनी घरच्यांच्या संमतीने या कॅसेटींच्या प्रती करून घ्याव्यात, आणि प्रत्येकीवर लग्नाच्या तारखेबरोबर वरातीचा रस्ताही नोंदवावा. रस्त्याच्या नावाशिवाय ती फक्त लग्नाची कॅसेट राहील.