अपघातात चूक कोणाचीही असो, भरपाई मिळते; पण सही करण्याआधी हे वाचा

रात्रीच्या वेळी रस्त्याकडेला विनारिफ्लेक्टर उभी असलेली उसाची ट्रॉली, मागून येणारी दुचाकी आणि अपघात. मग जागेवरच वाद सुरू होतो, चूक कोणाची? गावातली चार माणसं मध्ये पडतात, दहा-वीस हजारांवर तडजोड होते आणि पोलिसांत नोंदच होत नाही. इथेच जखमीचं कुटुंब मोठ्या रकमेला मुकतं. कारण मोटार वाहन कायद्यात चूक सिद्ध न करताही भरपाई मिळण्याची सोय आहे.

कलम १६४ काय सांगतं?

मोटार वाहनाच्या अपघातात मृत्यू झाला तर वारसांना ५ लाख आणि गंभीर दुखापत झाली तर जखमीला अडीच लाख रुपये. ही रक्कम वाहनाच्या विमा कंपनीने किंवा मालकाने द्यायची असते. चालकाची चूक होती हे सिद्ध करावं लागत नाही. १ एप्रिल २०२२ पासून ही तरतूद लागू आहे. त्याआधी विनाचूक भरपाईच्या एका तरतुदीत मृत्यूसाठी ५० हजार आणि कायमच्या अपंगत्वासाठी २५ हजार मिळत.

गंभीर दुखापत कशाला म्हणायचं?

हाड मोडणं किंवा निखळणं, दात पडणं, डोळा किंवा कान कायमचा निकामी होणं, हात-पाय गमावणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं हे सगळं गंभीर दुखापतीत येतं. भारतीय न्याय संहितेनुसार १५ दिवस तीव्र वेदना राहिल्या किंवा रोजची कामं करता आली नाहीत, तरी ती गंभीर दुखापत धरतात. साधं खरचटलं, मुका मार लागला तर कलम १६४ लागू होत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं : ५ लाख की पूर्ण दावा?

भरपाईचा दुसरा रस्ता कलम १६६ चा आहे. यात मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करावा लागतो. समोरच्या चालकाची चूक दाखवावी लागते, पण रक्कम वय, कमाई आणि अवलंबून असलेल्या माणसांवरून ठरते.

समजा, स्वतःचा धंदा करून महिना १५ हजार कमावणारा ३० वर्षांचा माणूस गेला आणि घरात चार माणसं त्याच्यावर अवलंबून आहेत. वर्षाची कमाई १ लाख ८० हजार. भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरून २ लाख ५२ हजार. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला की राहतात १ लाख ८९ हजार. या वयाला १७ ने गुणतात. म्हणजे सुमारे ३२ लाख. मात्र मृताचीही चूक निघाली तर त्या प्रमाणात रक्कम कमी होते.

म्हणूनच सावध राहा. विमा कंपनीकडून कलम १६४ ची रक्कम रीतसर स्वीकारली की कलम १६६ चा दावा संपतो. चूक स्पष्टपणे समोरच्याची असेल तर घाईत सही करू नका. चुकीचा पुरावाच नसेल तर मात्र कलम १६४ मोठा आधार आहे. कलम १६६ च्या अर्जासाठी कायद्यात अपघातापासून ६ महिन्यांची मुदत दिली आहे. दावा आपण राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणातही करता येतो.

गाडी पळून गेली तर?

धडक देणारं वाहन सापडलंच नाही तर सरकारी योजनेतून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार मिळतात. अर्ज अपघात झाला त्या भागातल्या प्रांत किंवा तहसीलदारांकडे करायचा, मंजुरी जिल्हाधिकारी देतात. पुढे वाहन सापडून दुसरी भरपाई मिळाली तर ही रक्कम त्यातून परत करावी लागते.

दवाखान्याचा खर्च

मे २०२५ पासून केंद्र सरकारच्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला नेमून दिलेल्या रुग्णालयात ७ दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार मिळतात. अपघात होताच ११२ वर फोन करा.

स्वतःच घसरून पडलात तर?

थर्ड पार्टी विमा हा दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असतो. गाडीमालक स्वतः चालवताना पडला तर उपयोगी पडतं ते १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण. ते मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी असतं, आणि लायसन्स चालू असावं लागतं. आपल्या पॉलिसीत हा हप्ता भरलाय का, ते आजच बघा. शेतकरी कुटुंबासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनाही आहे. त्याची चौकशी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात लगेच करा.

अपघातानंतर हे विसरू नका

• गाडीचा नंबर आणि जागेचे फोटो घ्या. विमा चालू आहे का, ते एमपरिवहन ॲपवर दिसतं.
• पोलिसांत नोंद करा, एफआयआर आणि पंचनाम्याची प्रत घ्या.
• दवाखान्यात रस्ता अपघात अशीच नोंद करायला सांगा. ‘घरी पडलो’ असं लिहिलं गेलं तर दावा अडकतो.
• बिलं, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, अपंगत्वाचा दाखला, कमाईचे कागद जपून ठेवा.
• मृत्यू झाल्यास शवविच्छेदन अहवाल आणि वारसांचे कागद लागतात.

वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. महिला, अनुसूचित जाती आणि जमातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

आणि ट्रॅक्टर असो वा दुचाकी, विमा संपू देऊ नका. विमा नसलेल्या गाडीने अपघात झाला तर भरपाई मालकाच्याच खिशातून जाते.