सनदेची वाट : नागपूर ते जबलपूर

१८९३ साली गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप देणारे लोकमान्य टिळक आपणां सर्वांना ठाऊक आहेत. कायद्याचे शिक्षक म्हणून मात्र त्यांची आठवण क्वचितच निघते. एल.एल.बी. होऊनही त्यांनी वकिली केली नाही. पुण्यात लॉ क्लास काढून इतरांना वकिलीच्या परीक्षेसाठी तयार केले.

त्या काळी वकिलांच्या पायऱ्या असत. विलायतेहून आलेले बॅरिस्टर सर्वांत वर, मग हायकोर्टाचे वकील, त्याखाली प्लीडर आणि मुखत्यार. ज्याला विलायत परवडत नसे, त्याला प्लीडरच्या परीक्षेचा आधार असे.

पण परीक्षा पास झाली म्हणजे सनद मिळेच असे नाही. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८९२ साली ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा आणि १८९७ साली मुंबईची एल.एल.बी. पास झाल्या. तरी बाई म्हणून त्यांना वकिलीची सनद नाकारली गेली. स्त्रियांची ही अडचण देशभर दूर करणारा कायदा १९२३ साली झाला.

आता आपल्याकडे पाहू. १८६७ साली बनलेला बालाघाट जिल्हा मध्य प्रांतातला, म्हणून वरचे कोर्ट नागपूरला. १९३६ साली तिथे हायकोर्ट झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आम्ही बालाघाटकर नव्या मध्य प्रदेशात आलो. नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश हिदायतुल्ला हेच जबलपूरच्या नव्या हायकोर्टाचे पहिले मुख्य न्यायाधीश झाले. सोयरे गोंदिया-भंडाऱ्याला राहिले, अपिलाची वाट मात्र जबलपूरकडे वळली.

१९६१ च्या ॲडव्होकेट कायद्याने जुन्या पायऱ्या मोडून ॲडव्होकेट हा एकच वर्ग ठेवला. पुढे बरीच वर्षे पदवी मिळाली की सनद मिळे. २०११ पासून परीक्षा परत आली, ती अखिल भारतीय. २०२३ साली सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ती वैध ठरवली. प्रश्न शंभर. मराठीतही देता येते. २०२४ साली त्याच कोर्टाने सनदेच्या नोंदणीची फी सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला १२५ रुपये, याहून अधिक घेता येणार नाही, असे ठरवले. ज्या घरात फीच्या रकमेवर मुलीचे शिक्षण अडते, तिथे या निकालाची किंमत कळते.

आम्ही सरकारी नोकर कोर्टाचे कागद रोज पाहतो. जमिनीचा वाद, वारसाची नोंद, पेन्शनचे प्रकरण, सगळीकडे माणूस आपल्या भाषेत समजावून सांगणारा वकील शोधतो. म्हणून आम्हांला वाटते, मंडळातील ज्येष्ठ वकिलांनी आठवड्यातून एक तास या परीक्षेच्या मुलामुलींना द्यावा. जागा मंडळाची, पुस्तके आपल्या कपाटांतली. लोकमान्यांचा उत्सव आपण चालवतोच. त्यांचा क्लासही चालवू या.