लढाऊ विमानाला तोफ हवीच का? मिग-२१ चा धडा

क्षेपणास्त्रं शंभर किलोमीटरपलीकडे मारा करतात, मग लढाऊ विमानात अंगचीच तोफ कशाला, असा प्रश्न हल्ली पुष्कळ जण विचारतात. त्याचं उत्तर शोधायला कळमेश्वरहून फार लांब जायला नको. आपल्या नागपुरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे आणि नाशिकजवळच्या ओझरला एचएएलचा मिग विमानांचा कारखाना. हा सगळा वाद त्या मिग-२१ मध्ये घडलेला आहे.

१९५० च्या दशकाअखेरीस अनेक तज्ज्ञांनी ठरवून टाकलं होतं, की आता जवळून लढाई होणारच नाही. अमेरिकेचं फँटम तोफेविना बनलं. रशियाने मिग-२१ च्या 'पीएफ' प्रकारातून तोफ काढली. ती विमानं आपल्याकडेही आली.

मग आला ४ सप्टेंबर १९६५. २८ व्या स्क्वाड्रनचे विंग कमांडर वोलन एका पाकिस्तानी सेबरच्या मागे लागले. दोन क्षेपणास्त्रं होती, दोन्ही सोडली, दोन्ही चुकली. उष्णतेचा माग काढणारी ती क्षेपणास्त्रं जमिनीलगत भरवशाची नव्हती. शत्रू समोर, पण हाती काहीच नाही! हेच वोलन पुढे एचएएलचे अध्यक्ष झाले.

यावर उपाय निघाला तो पोटाखाली टांगायच्या तोफेचा. २३ मिमीची जोडनळी तोफ, २०० गोळ्या. १२ डिसेंबर १९७१ ला कच्छच्या आखातावर फ्लाइट लेफ्टनंट सोनी यांनी स्टारफायटरवर क्षेपणास्त्र सोडलं, ते हुकलं. मग त्यांनी तोफेनेच ते विमान पाडलं.

पण एक गोम होती. मिग-२१ एफएलला पोटाखाली एकच जागा. तिथे तोफ लावली की जादा इंधनाची टाकी लावता येत नाही. म्हणजे तोफ घ्यायची तर पल्ला सोडायचा. ही अडचण सुटली ती पुढच्या मिग-२१ एम मध्ये. त्यात तोफ अंगातच बसवली होती, आणि ते १९७३ पासून ओझरलाच बनू लागलं.

आता दुसरी बाजूही ऐकू या. व्हिएतनाममध्ये अमेरिकी हवाई दलाने फँटममध्ये तोफ बसवली. नौदलाने मात्र बसवली नाही. त्यांनी १९६९ मध्ये 'टॉपगन' प्रशाला काढली, वैमानिकांना शिकवलं, आणि तोफेविनाही त्यांची कामगिरी कितीतरी सुधारली. तेव्हा सगळा दोष तोफ नसण्याचा, असं म्हणता येत नाही.

आणि तोफ फुकटही येत नाही. वजन, जागा, देखभाल आलीच. सुखोई-३० मध्ये १५० गोळ्या असतात. त्या सलग झाडल्या तर पाच-सहा सेकंदांत संपतात. आजची क्षेपणास्त्रं १९६५ सारखी राहिलेली नाहीत, हेही खरं.

तरी माझं मत तोफेच्या बाजूने आहे. क्षेपणास्त्रं मोजकीच नेता येतात, ती संपतात. काही वेळा पाडायचं नसतं, नुसता इशारा द्यायचा असतो. तेव्हा पुढे गोळ्या झाडता येतात. इशाऱ्याचं क्षेपणास्त्र नसतं. सुखोई, राफेल, तेजस, तिन्हींत तोफ आहे. तेजसवर तर २३ मिमीचीच जोडनळी. मिग-२१ ला २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला निरोप दिला गेला, पण त्याच जातीची तोफ तेजसबरोबर अजून सेवेत आहे.