बोरकर, तुळशीदास वसंत
(१८ नोव्हेंबर १९३४ – २९ सप्टेंबर २०१८). संवादिनीवादक, साथसंगतकार आणि गुरू. जन्म गोव्यातील बोरी येथे. कारकीर्द व निधन मुंबईत. पी. मधुकर (मधुकर पेडणेकर) हे त्यांचे संवादिनीतील गुरू. गायक-नट छोटा गंधर्व यांच्या सहवासातून नाट्यसंगीत अंगात मुरले.

गायकाच्या साथीला असणाऱ्या संवादिनी ऊर्फ पेटीसारख्या पट्टीवाद्याची अडचण मोठी असते. पट्टी दाबली की ठरलेला एकच स्वर वाजतो, मींड निघत नाही. शिवाय समान अंतरांवर जुळवलेल्या पेटीतला शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा लागतो आणि तंबोऱ्यापुढे तो खटकतो. याच कारणांवरून १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली होती. या मर्यादा सांभाळून गायकाला साथ करण्यात बोरकरांचे मोठेपण दिसते. पेटी सुरात लावण्याच्या कामातही ते मुरलेले होते. पितळी सुराची (रीडची) जीभ टोकाशी घासली तर स्वर चढतो, मुळाशी घासली तर उतरतो. हे काम कानावरच चालते.

साथीतला त्यांचा संयम विशेष होता. गायकाच्या मागोमाग, अर्ध्या श्वासाच्या अंतराने जायचे आणि तो थांबला की मोकळी जागा त्याच्याच वळणाने भरायची, हे सोपे वाटते, पण त्यासाठी गायकाची बंदिश व स्वभाव दोन्ही ठाऊक असावे लागतात. एकल वादनातही त्यांनी गायकी अंग जपले.

संगीत नाटक अकादमी पुरस्कार (२००५) व पद्मश्री (२०१६) हे त्यांचे सन्मान. शिष्यांत सुधीर नायक, सीमा शिरोडकर इत्यादी.